यादीतला एकेचाळिसावा नंबर

दि. ४ जुलै

चि. बापूस,
अ. उ. आ.

तुझ्या आपत्ती विभागाची जीप काल गल्लीत येऊन गेली. पूर आल्यास वरच्या मजल्यावर जावे, असं छापलेले कागद वाटले. आमच्या गल्लीत एकाही घराला वरचा मजला नाही, हे नगरपालिकेला घरपट्टी लावताना बरोबर कळतं. साहेब खाली उतरलेसुद्धा नाहीत. बुटांना चिखल लागला असता.

थट्टा पुरे. नदी वाढते आहे आणि आईला अंथरुणातून उठवत नाही. होडीने आधी न्यायच्या माणसांच्या यादीत तिचं नाव घातलंस ना, तेवढं कळव.

तुझी ताई

दि. ६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

यादी मीच केली आहे, निश्चिंत राहा. वयाने आई पहिली येत होती. पण बैठकीत एकाने टोमणा मारला, की कारकुनाच्या आईला होडी थेट दारात. साहेबही हसले. मग मी तिचं नाव शेवटी घातलं, एकेचाळिसावं. आता कोणी बोट दाखवणार नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

होड्या दोन आहेत, सराव चोख झालाय. तुमच्या गल्लीला शिस्त कशाशी खातात ते ठाऊक नाही. होडीभोवती गर्दी करू नका म्हणावं.

लोभ आहेच, तो राहावा.

बापू

दि. ११ जुलै

चि. बापूस,
आशीर्वाद या खेपेला गृहीत धर.

होडी आली, अगदी शिस्तीत. शेजारच्या आजोबांना घेऊन गेली, त्यांचा नंबर सहावा. मी खिडकीतून आई दाखवली, तर तुझा माणूस म्हणाला, नंबर आल्यावर येऊ. एकोणिसाव्यानंतर पाण्याची ओढ वाढली आणि होड्या बंद झाल्या. चारचौघांच्या हसण्याला भ्यालास आणि त्याला सचोटी म्हणतोस. मला तुझी कीवसुद्धा येत नाही.

कोपऱ्यावरच्या वेल्डरने आमच्या न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून उखडलं. त्यावर आईला निजवून आम्ही दोघांनी छातीभर पाण्यातून शाळेच्या गच्चीवर नेलं. पुढचं टोक त्याने धरलं होतं.

आई बरी आहे. ग्लानीत होती, तिला वाटतं पुढे तूच होतास. माझ्या लेकाने नेलं, असं गच्चीवर सगळ्यांना सांगत होती. वेल्डर शेजारीच बसला होता, त्याने मान डोलावली. मीही हो म्हटलं.

भेटायला येशील तेव्हा ती तुझे हात कुरवाळेल. निमूटपणे कुरवाळू दे. लोभ तिच्याकडेच माग.

ताई