चौथा अभ्यासक्रम

२ जून, सोमवार

कॉलेजच्या बाईंना आज पुन्हा फोन केला. पुन्हा तेच खोटं — "पत्रकार बोलतेय. वाचकांसाठी माहिती हवी होती." वाचक कोण? मीच! त्रेचाळिसाव्या वर्षी निसर्गसंवर्धनाचा सर्टिफिकेट कोर्स करायचाय, हे फोनवरच्या अनोळखी बाईलाही सांगवत नाही.

भोर-वेल्ह्याच्या बातम्या लिहिण्यात हयात गेली. डोंगराला वणवा लागला की माझं वाक्य तयार — "विविध प्रजातींची झाडे जळून खाक". कोणत्या प्रजाती? माहीत नाही. संपादकांनी कधी विचारलं नाही, वाचकांनीही नाही. उत्रोलीच्या फाट्यावर ज्या झाडाखाली एसटीची वाट बघते, त्याचंही नाव मला सांगता येत नाही.

आजवर चार कोर्स सापडले. एक परराज्यातला — नोकरी सोडावी लागेल. एक पुण्यातला, शनिवार-रविवारचा — फी ऐकून "बरं, लिहून घेते" म्हणाले आणि काहीच लिहून घेतलं नाही. एक ऑनलाइन — फी बेताची, पण झाड स्क्रीनवरच बघायचं. आणि चौथा हा, या बाईंच्या कॉलेजचा. अर्धे वर्ग रानात. शिवाय एका ट्रस्टकडून भोर-वेल्ह्यातल्या एका उमेदवाराला जवळपास फुकट.

एकाच.

३ जून, मंगळवार

संपादकांचा फोन. पर्यावरण दिनाची पुरवणी, "पर्यावरणाचे अभ्यासक्रम", सहाशे शब्द, संध्याकाळी सहापर्यंत. माहिती हाताशीच होती! वेळेच्या आधी पाठवलं. कधी उशीर केलाय मी?

चौकटीत तीन कोर्स दिले. चौथा दिला नाही.

शब्द उरले होते.

५ जून, गुरुवार

छापून आलं. वर ठळक अक्षरात माझं नाव. पहिल्यांदाच स्वतःचा लेख पुन्हा वाचला नाही.

८ जून, रविवार

वैष्णवी आली. गुंजवण्याची. जमीन धरणात गेली तेव्हा तिच्या वडिलांची, गेनबांची, मुलाखत घेतली होती. ही तेव्हा दाराआडून बघत होती. आता बी.एस्सी. होऊन पानशेतच्या एका रिसॉर्टवर काउंटरला बसते. हातात माझंच कात्रण!

"ताई, ह्यातला एक बी आमच्या आवाक्यातला न्हाई बगा. आन् त्यो ऑनलाइनवाला — आमच्यात रेंजसाठी टेकाडावर जावं लागतंय. टेकाडावर बसून मोबाईलात टेकाड बघू व्हय?"

हसले. तीही हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आबा म्हणत्यात, यंदा शिक्षणाचं जमलं तर वरीसभर थांबू. न्हाईतर पाव्हण्यांना होकार कळवायचा. आनखी कुठला हाय का वो? तुमाला सगळं ठाव असतंय."

"बघते," म्हटलं.

बघते! माझा अर्ज काल जाऊन पडलाय.

१३ जून, शुक्रवार

अर्जाची मुदत रविवारपर्यंत. वैष्णवीचा नंबर दोनदा काढला. लावला नाही. नंतर विचारलं तर "विसरले" म्हणता येईल. मी — मुदत विसरले! कोण विश्वास ठेवेल?

१४ जून, शनिवार

वैष्णवीला कळलं. आमच्या रत्नाकडून, माझ्या भावजयीकडून. रत्नाला काल ही बाजारात भेटली, आणि रत्नाने कौतुकाने सांगून टाकलं — आमच्या वन्संनीसुद्धा कॉलेजच्या कोर्सचा अर्ज भरलाय.

"मला काय ठाव, लपवायचं व्हतं ते?" रत्ना स्वयंपाकघरातून. "शिकायचं म्हंजे काय चोरी हाय का?"

वैष्णवी समोर बसलेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवीतून त्याच कोर्सच्या अर्जाचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"शिफारस लागती. वळखीच्या माणसाची. तुमीच लिवा ताई. कोर्स कसा हाय, तुमाला माहिताय."

टोमणा होता. घेतला.

लिहिलं. खरं लिहिलं, चांगलं लिहिलं — तेवढं येतं मला. तिने वाचलं, घडी घातली, "येते" म्हणाली. चहाला हात लावला नाही.

माझा अर्ज मागे घेते, हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. तिची पाठ वळेपर्यंत तिथंच राहिलं.

२३ जून, सोमवार

निवड झाली. माझी!

प्रतीक्षायादीत पहिलं नाव वैष्णवीचं.

बाई फोनवर खुशीत होत्या. "तुमचा अनुभव दांडगा हो! आणि पुरवणीतला लेख सरांना फार आवडला. आमचा उल्लेख तेवढा राहिला."

"राहिला," म्हटलं.

"शुक्रवारी पाचपर्यंत कागदपत्रं घेऊन या. नाही आलात तर पुढच्या नावाला फोन जाईल."

रत्नाने शेजारी पेढे वाटलेसुद्धा. मलाही एक दिला. खाल्ला.

२५ जून, बुधवार

कागदपत्रं फाइलला लावली. रानात चालायचे बूट आणले. घरातल्या घरात घालून बघितले. छान बसतात.

स्वतःला समजावून झालं — शिफारस लिहून दिली, आणखी काय करायचं? तिचं वय आहे, पुढच्या वर्षी मिळेल. पुढच्या वर्षी ती कुठल्या गावात, कुणाच्या घरात असेल, हा विचार पेढ्यासारखा गिळता येत नाही.

गुंजवण्याला जाऊन सगळं सांगावं? काय सांगू — तिला माहीत नाही असं काय उरलंय!

२७ जून, शुक्रवार

पाच वाजून गेले. मी गेले नाही.

"यष्टी चुकली व्हय, वन्सं?" रत्नाने विचारलं. हो म्हटलं.

दिवेलागणीला वैष्णवीचा फोन. "कॉलेजचा फोन आलता, जागा मला दिली म्हणत्यात. तुमी गेलाच न्हाई?"

"नाही."

तिच्यामागे रिसॉर्टवरची गाणी वाजत होती. मग म्हणाली —

"आता तरी छापा की त्यो कोर्स. फुडच्या वर्सी कुणाला तरी लागंल."