घरचा नंबर

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. खिडकीजवळचा पलंग द्यायला ताईने साफ नकार दिला. पाहुणी असतीस तर दिला असता, तू तर राहायलाच आलीस, म्हणाली. मी त्रेचाळीस, ती एक्कावन्न, आणि आरशासाठी आम्ही अजून भांडतो. भावोजी टीव्हीचा रिमोट मांडीखाली ठेवून बसतात, कारण त्यांचा माझ्यावर भरवसा नाही. एकूण काय, आपल्या माणसांत आले. दुकानात सोळा वर्षं माइकवरून गिऱ्हाइकांना सवलती सांगितल्या. दुकान बुडालं, आवाज टिकला. त्याच आवाजावर इथल्या बायकांच्या तपासणी केंद्रात फोनवर बसायचं काम मिळालंय.

बुधवार, ५

केंद्र झकास आहे. इथे मॅमोग्राफी होते. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबून फोटो काढतात. पावडर लावून आलेल्या बाईच्या फोटोत ठिपके दिसतात, म्हणून फोटोवाली आधी सगळ्यांना पुसून यायला लावते. ज्यांच्या फोटोत शंका येते त्यांना परत बोलवायचं काम माझं.

त्याची पद्धत मोठ्या बाईंनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, शिकवली. बाईला एवढंच म्हणायचं, फोटो जरा हलला, परत काढू. खरं कारण वेगळ्या फोनवर घरच्या माणसाला कळवायचं. घाबरलेली बाई परत येतच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. घरच्यांसाठीचा निरोप दर वेळी तोच, म्हणून तो माझ्या आवाजात रेकॉर्ड केला. आता संगणकच नंबर लावून ऐकवतो. 'तुमच्या घरच्या बाईंच्या तपासणीत शंका आली आहे. त्यांना एवढ्यात सांगू नका. त्यांच्याशी नेहमीसारखंच वागा.' शेवटी मी पदरचं एक वाक्य घातलं, 'तुमच्यासाठी हे अवघड आहे, कळतं आम्हाला.' मोठ्या बाईंचे डोळे पाणावले. मी दिवसभर हवेत.

मंगळवार, ११

चाळिशी उलटलेल्या कर्मचाऱ्यांना तपासणी मोफत. फुकट ते पौष्टिक, म्हणून मीही उभी राहिले. फोटोवालीने छातीला अगदी इस्त्री करून दिली. अर्जातल्या 'घरची व्यक्ती' या रकान्यात ताईचा नंबर लिहिला. इतकी वर्षं तिथे शेजारणीचा लिहीत होते. आज लिहिताना फार बरं वाटलं.

शुक्रवार, १४

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. म्हणाल्या, फोटो जरा हलला, चोवीस तारखेला परत काढू. बरं म्हणून मी हसत जागेवर आले, आणि पुढचा नंबर लावता लावता थांबले.

हे तर माझंच वाक्य. 'जरा'नंतरचं थांबणंसुद्धा माझंच. उठून परत गेले आणि म्हटलं, खरं काय ते सांगा. त्या म्हणाल्या, अगं, तुझा खरंच हललाय. कुणी दुसऱ्यांदा विचारलं तर हेच सांगायचं असतं. मला त्यांनीच शिकवलंय.

शनिवार, १५

ताईने खिडकीजवळचा पलंग मला दिला. मी मागितला नव्हता.

रविवार, १६

ताईचा चष्मा माझ्या पायाखाली आला आणि काच फुटली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज म्हणाली, काचच ती, फुटायचीच. भावोजींनी रिमोट आपणहून माझ्या हातात दिला. जेवताना दोघं हसत होते. फार हसत होते.

अंघोळ करताना चाचपून पाहिलं. डावीकडे काहीतरी आहे. नाही. आहे. या शरीराला त्रेचाळीस वर्षं जपलं, खाऊपिऊ घातलं, आणि ते माझ्याच पाठीमागे—

मंगळवार, १८

शेवटी ताईला विचारलंच. ती आधी भांडी घासत राहिली, मग रडली. शुक्रवारीच फोन आला होता, म्हणाली. सख्खी बहीण असून चार दिवस गप्प? मला इतकं लागलं की मी नाही नाही ते बोलले. तेव्हा ती म्हणाली, "अगं, फोन तूच केला होतास ना? तुझाच आवाज होता. त्यांना सांगू नका म्हणालीस. मला वाटलं, तुलाच हा विषय नकोय."

कुंपणानेच शेत खाल्लं. आणि कुंपण मी.

पाच तारखेपासून एकोणीस बायकांच्या घरी माझा फोन गेलाय. त्यांच्याही घरात आज सगळे असेच हसत असतील.

ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. यापुढे केंद्राचा कुठलाही फोन आला तरी माझ्यासमोर बसून ऐकेल. तिचा हात बराच वेळ डोक्यावरच होता. तिच्यावर विश्वास ठेवायचा. दुसरं आहे कोण?

गुरुवार, २०

मोठ्या बाईंना म्हटलं, माझा आवाज काढून टाका. त्या हसल्या. म्हणाल्या, आता तू नव्याने बोलायचीही गरज नाही. संगणकाकडे तुझे शब्द आहेत, तो हवं ते वाक्य जुळवतो. त्यांनी ऐकवलं. मी जन्मात न बोललेलं वाक्य, माझ्याच आवाजात, माझ्याहून मायेने— 'आज त्यांना सगळं ठीक आहे असं सांगितलं आहे. तुम्ही मात्र उद्या येऊन भेटा.'

हे कुणासाठी, मी विचारलं.

फार घाबरट बायकांसाठी, म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

सोमवार, २४

पुन्हा त्या दोन पाट्या. श्वास रोखा. सोडा. फोटोवाली आधी एक अक्षर बोलली नाही. मग फार बोलली. दोन्हीची भीती वाटली.

मंगळवार, २५

निकाल उद्या. ताई समोर. फोन मध्ये, टेबलावर. दोघी त्याच्याकडे बघतोय. वाजला नाही.

बुधवार, २६, दुपार

सगळं ठीक आहे, म्हणाल्या मोठ्या बाई. साधी पाण्याची गाठ. पाठीवरून हात फिरवला. ताईला सांगितलं तर ती नाचलीच. मी हसायला बघतेय. दुधाने तोंड पोळलंय— खरंच ठीक असेल. का नसावं? बायका बऱ्या निघतातच की—

चार वाजले. फोन वाजतोय. ताईचा. आतल्या खोलीत.

ती गेली घ्यायला.

माझा आवाज. स्पीकरवर, भिंतीपलीकडून. नमस्कार म्हणतेय मी. किती गोड. आज त्यांना— सगळं ठीक—

आणेल ती बाहेर. शपथ घेतलीय. डोक्यावर हात ठेवून. आत्ता आणेल—

पुढचं ऐकू येत नाही. ताईने दार लावून घे