दोन वावांतून एक वीत कमी

आदरणीय सिक्स्तोदादा यांस,

तुलुमहून धाकट्या फुलहेन्सियोचा नमस्कार. तुमचं पत्र कोवळ्या कणसांच्या दिवसांत आलं आणि उत्तर लिहायला मी आता बसलोय, शेतात ताटंसुद्धा वाळून गेल्यावर. माफ करा. उशीर आळसानं झाला नाही, रागानं झाला. रागात लिहिलं की माझं अक्षर मोठं होतं आणि कागद पुरत नाही. (तिसरीतून शाळा सोडली तेव्हापासून हे असंच आहे.) तुमच्या डोळ्याचा पडदा काढला का? वहिनींच्या टर्की कोंबड्या अजून मरताहेत का? मी बरा आहे. डावा खांदा तेवढा वर जात नाही, पण टोपी उजव्या हातानं घातली की ते कुणाला दिसत नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

वहिनींना अजून वाटतं की मी मासे धरायच्या दोऱ्या गुंडाळतो, तर त्यांना एकदा नीट सांगा. इथल्या सेनोतेच्या खोल पाणकुंडात बुडी मारून पाण्याखालच्या गुहांत शिरणारे लोक मागे दोरी सोडत जातात आणि तीच धरून परत येतात. गाळ उठला की आत स्वतःचा हात दिसत नाही, मग दोरी हाच रस्ता. ती दोरी ज्या रिळांवर असते ती रिळं गेली चौदा वर्षं मी सांभाळतो. रीळ आलं की सगळी दोरी सोडायची, गोड्या पाण्यात धुवायची, बोटांतून सरकवत कुठे तंतू सुटलाय का बघायचं, झिजलेला तुकडा कापायचा, टोकाचा फास तपासायचा, सावलीत वाळवून पुन्हा गुंडाळायची. आणि दर तीन मीटरला एक गाठ. अंधारात गाठी मोजूनच त्यांना कळतं, किती आत आलो. गाठ मी आपल्या वडिलांच्या रीतीनं मारतो. दोन्ही हात पसरून दोन वाव दोरी घ्यायची, त्यातून एक वीत कमी करायची, झाले तीन मीटर. वडिलांनी अशाच वावांनी अख्खी शेतं मोजली, कुणाचं भांडण झालं नाही. (चुलत्यांचं झालं, पण ते मोजणीचं नव्हतं.)

आता रागाचं कारण. आमच्या मागच्या गल्लीत एल्सीबाई म्हणून विधवा आहे, झोपाळे विणते. आमचे मालक गाउदेन्सियो यांच्या पाणबुड्यांच्या दुकानातला झोपाळा फाटला म्हणून ती आली. झोपाळा विणून झाला, ती काही गेली नाही. मालकांनी गमतीनं तिला दोन रिळं दिली. आज तिच्याकडे एकवीस आहेत आणि माझ्याकडे नऊ, तीसुद्धा जुनी. तिची रीत काय, तर दाराजवळच्या लांब फळीवर ठोकलेले दोन खिळे! या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोरी ताणायची आणि गाठ मारायची. यात माणसाचं काय कसब? नवी दोरी आधी दोन दिवस भिजत घालते, नायलॉन आकसायचं ते आधीच आकसू दे म्हणते. मीही भिजवतोच, फक्त सांगत फिरत नाही. तंतू सुटलाय का हे ती बोटांनी बघत नाही, दोरी गालावरून ओढते, आणि डोळ्याला न दिसणारं कुसळ तिच्या गालाला लागतं. मीही गालावरून ओढून पाहिली. दोरी माझ्या दाढीच्या खुंटांत अडकली आणि पाणबुडे हसले. पूर्वी हेच लोक मला पाव आणून देत. आता विचारतात, "एल्सीबाईंचं रीळ आहे का?" माझ्यासमोर! जसा मी कोपऱ्यातली हवेची टाकी.

परवाच्या मंगळवारी बाई मका दळायला गेली, तेव्हा मी ठरवलं की हिचं काम एकदा तपासायचंच. (चोरून नाही. दार उघडं होतं.) सहा रिळं दुकानामागच्या अंगणात सोडली आणि माझ्या वावांनी मोजली. दादा, प्रत्येक गाठ लांब निघाली! चांगली वीतभर! मला इतका आनंद तुमच्या लग्नातही झाला नव्हता. तसाच धावत दुकानात गेलो. चार पाणबुडे बसले होते, म्हटलं बरंच झालं, आणि मोठ्यानं सांगितलं की या बाईच्या गाठी चुकीच्या आहेत, कुणीतरी जीव गमावेल. मालक उठले. खणातून पोलादी टेप काढली आणि अंगणात आले. तोवर टर्क्यांचा कळप दोऱ्यांतून फिरून गेला होता आणि सहा रिळांचं एकच घरटं झालं होतं.

मालकांनी त्यातूनच एक टोक ओढून दोन गाठींमधलं अंतर मोजलं. तीन मीटर. दुसरं, तीन मीटर. मग ते म्हणाले, "फुलहेन्सियोकाका, तुमचं रीळ आणा बरं." माझं भरलं पावणेतीन. दुसरं आणलं, तेही पावणेतीन.

दुकानाच्या अंगणाकडच्या भिंतीवर मालकांच्या गुहेचा नकाशा रंगवलाय, समोरच्या दुकानदाराच्या गुहेपेक्षा ती लांब आहे असं मोठ्या अक्षरांत लिहून. ती लांबी गेल्या वर्षी माझ्या गाठींवरून मोजलेली. मालक नकाशाकडे बघत खाली बसले. एक पाणबुड्या म्हणाला, "म्हणजे आपली गुहा लहान झाली की हो!" दुसरा म्हणाला, "समोरच्याला कळवायचं का?"

तेवढ्यात एल्सीबाई डोक्यावर पिठाची बादली घेऊन आली. तिनं ते घरटं पाहिलं, टेप पाहिली, मला पाहिलं. वाटलं, आता संपलो. ती म्हणाली, "मालक, नायलॉन आकसतं. भाऊंची रिळं सगळ्यांत जुनी, किती वर्षं पाण्यात आहेत. माझी असती तर तीही आकसली असती." आणि खाली बसून गुंता सोडवायला लागली. पायाच्या अंगठ्यात एक पदर, दातांत एक. मी पेलाभर पोझोल पिईपर्यंत सहाही रिळं सुटी! दादा, मला हेच सहन होत नाही. गाठी तिच्या चांगल्या, गाल तिचा चांगला, आता चांगुलपणातही तीच पुढे. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का बाईनं?

मालकांनी निकाल दिला की शनिवारपर्यंत मी पाच नवी रिळं करायची, ते टेपनं मोजतील. बरोबर निघाली तर चिंचेखालचं माझं टेबल माझं. नाही तर टेबल एल्सीबाईंना, आणि मी टाक्या पुसायच्या.

काळजी करू नका. चौदा वर्षांचा हात आहे.

तुमचा,
फुलहेन्सियो

ता. क. आईच्या झोपाळा विणायच्या मागाचा लांब दांडा तुमच्या माळ्यावर असेल. त्यावर बरोबर तीन मीटरवर दोन खिळे ठोका आणि बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवा. गोणपाटात गुंडाळा. कुणी विचारलं तर पडद्याची काठी म्हणून सांगा.

ता. क. २. मी नीट विचार केला. खांदा उघडत नाही म्हणून माझ्या दोन वावांतून वीतभर आधीच जात होती, आणि मी पुन्हा एक वीत कमी करत होतो. हे फक्त तुम्हाला लिहितोय.

ता. क. ३. पाकिटावरचं अक्षर माझं नाही. मागच्या पत्राचा पत्ता पोस्टात कुणाला वाचता आला नव्हता, म्हणून एल्सीबाईंकडून लिहून घेतला. पत्र आधीच चिकटवलं होतं, तिनं काही वाचलेलं नाही. पत्ता लिहून झाल्यावर एवढंच म्हणाली, "भाऊ, डाव्या खांद्याला गरम मिठाची पुरचुंडी बांधा. आणि सकाळी माझी फळी रिकामी असते." म्हणून पाकीट पुन्हा फोडून हे लिहितोय. उद्या सकाळी जाऊन येईन म्हणतो. तरी दांडा पाठवाच, आणि उत्तर शनिवारच्या आत मिळेल असं बघा. पत्ता मात्र वहिनींकडून लिहून घ्या. त्यांचं अक्षर हिच्यापेक्षा सुंदर आहे, हे इथे दिसलं पाहिजे.