जावयाच्या वाट्याचा रस

आई,

तू गेल्यावर राग निवळेल असं सगळे म्हणत होते. इतकी वर्षं झाली, नाही निवळला. काल सुनेने आंब्याचा रस पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला, चव बघायला चमचा माझ्यापुढे केला, आणि मी तिच्यावर खेकसले. बिचारीने चमचा मागे घेतला. तिचा काय दोष? ती घरच्यांसाठी ठेवत होती. तू ठेवायचीस जावयासाठी.

पांढुर्ण्याहून, सासरहून, मी सौसरला तुझ्याकडे निघून आले तेव्हा मे सरत आला होता, रोहिण्या लागल्या होत्या. नवऱ्याने मारलं होतं. दंडावर वळ होते, मनगट सुजलेलं, खरचटलेलं. तू ते पाहिलंस, हळद लावलीस, आणि दुसऱ्या दिवशी पाटीभर गावरान आंबे पुढ्यात ठेवून म्हणालीस, "बसल्या बसल्या पिळून दे." मी पिळते आहे, रस मनगटावर ओघळून झोंबतो आहे, आणि तू तो फडक्यातून गाळून स्टीलच्या डब्यात भरते आहेस. गोठल्यावर फुगतो म्हणून वर दोन बोटं जागा सोडलीस. डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या कडा मेणबत्तीवर चिकटवल्यास. एवढी काळजी कोणासाठी, मी विचारलं. "जावई यंदा रस खायले नाही आले न. त्यांचा वाटा ठेवून राहिली." माझा निकाल तिथंच लागला होता. मी परत जाणार नाही म्हणून तीन महिने रडत होते, तू "बरं, बरं" म्हणत होतीस, आणि डबा आत बर्फात बसला होता.

बाबांनी फ्रिज नवाच घेतला होता आणि वीज सारखी जायची. वीज गेली की तू फ्रिजचं दार कोणाला उघडू द्यायची नाहीस, वरून गोधडी गुंडाळायचीस. एकदा तर माझ्या अंगावरची ओढून नेलीस. मला ताप होता त्या दिवशी. ताप उतरल्यावर तोंडाला चव नव्हती, म्हणून वाटीभर रस मागितला. "हात नको लावू त्याले. एकदा उघडला का मंग टिकत नाही." तुझं म्हणणं बरोबर होतं, नेहमीसारखंच. बाबा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले.

पोळ्याच्या आठवड्यात तो आला. सकाळपासून डबा परातीतल्या पाण्यात होता, तरी मधला गोळा सुटेना. तू तो पळीने फोडत होतीस आणि तोंडभर हसत होतीस. वाढायला मलाच लावलंस. तो बोटं चाटत म्हणाला, "या दिवसांत आंबा! मानलं बा सासूबाई तुम्हाले." तू लाजलीस. खरंच लाजलीस! माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, मनगटावरच्या खुणेकडेही नाही. मी तुला स्वयंपाकघरात ओढून नेलं, म्हटलं, आई, मी जात नाही. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "असं करते का कोणी? पोटभर जेवले ते. आता जावयाले रिकामं पाठवू का?" माझ्या कपड्यांची पिशवी तू आधीच भरून ठेवली होतीस. त्याच्या हाती द्यायला तुझ्याकडे मी होते.

पुढे काय काय झालं ते तू माझ्या अंगावर पाहिलंस, आणि दर उन्हाळ्यात डबा भरलास. ते घर मी सोडलं ते तू गेल्यावर. परत पाठवणारं कोणी उरलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी निघायच्या आधी मी मोरीत भांडी घासायला बसले. डब्याच्या तळाशी थोडा रस होता. बोटाने पुसून खाल्ला, मग डबाच तोंडाला लावला. बाहेरून तू हाका मारत होतीस, गाडीची वेळ झाली होती, आणि मी तो चाटत होते. इतका चांगला झाला होता, आई. तसा रस मला कधीच जमला नाही. तू समोर असतीस तर हे तुला सांगितलं नसतं.