अशूचा रुईचा कोट

सोम. २७ ऑक्टो.
अशूला नोकरी लागली. हिमाचलात, सोलनच्या अलीकडे कुठंतरी डोंगरात, औषधाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. १ डिसेंबरला हजर व्हायचं, होकार २० नोव्हेंबरपर्यंत कळवायचा. मी साखर आणायला उठले, तोवर ह्यांनी फोनवर तिथलं तापमान काढून माझ्या नाकापुढं धरलं. "एवढ्या थंडीत? तिला? उन्हाळा लागल्यावर बघू." उन्हाळ्यापर्यंत कारखाना काय हिच्या नावानं खुर्ची पुसत बसणार आहे?

पाचव्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला होता, खरं आहे. बीडला नऊ दिवस दवाखान्यात होती, आणि हे रात्रंदिवस तिथल्या लोखंडी खुर्चीत बसून. पण आता ती तेवीस वर्षांची आहे, एम.एस्सी. आहे. मी भांडले. भांडण्याच्या भरात बोलून गेले, "तिचे थंडीचे सगळे कपडे मी शिवते. वारा आत शिरला तर नाव बदला माझं."
हे म्हणाले, "शिव. कपडे बघून ठरवू."
घ्या. आता सगळं माझ्या मशीनवर आलं.

बुध. २९
यादी केली. आतले पूर्ण बाह्यांचे – ३, होजिअरीचे. त्याच कापडाच्या विजारी – ३. फ्लॅनेलचे कुर्ते – ४. स्वेटर – जुने दोन आहेत, हात वाढवायचे. कानटोपी. आणि कोट. कोट कसला, ते अजून ठरत नाही. जन्मात कोट शिवलेला नाही. गेवराईत कोट लागतो कोणाला?

रेडीमेड घ्या म्हणणाऱ्यांना हात जोडलेत. अशू ताडमाड. सातवीपासून एकाही रेडीमेडची बाही तिला पुरलेली नाही, मनगट कायम चार बोटं उघडं. तेव्हापासून तिच्या अंगावरचा प्रत्येक कपडा माझ्या पायमशीनवर झाला. आता थंडीच्या गावात मनगटं उघडी टाकून पाठवू?

शनि. १ नोव्हें.
पूर्ण बाजार पालथा. "गरम कपडा? काकू, नवरदेवाच्या ब्लेझरचं हाय. न्हाईतर शाल घ्या एखादी." पाच दुकानांत हेच. सहाव्यानं तर विचारलं, कोणाचं लग्न हाय. फ्लॅनेल मिळालं, तेही बदकांचं. बाळाच्या दुपट्याचं. अशू म्हणते आतून कोण बघतंय, चालेल.

तलवाड्याहून वन्संचा फोन. "घोंगडीचा कोट शिव की. आमच्या मामंजींनी जलम काढला घोंगडीत." मामंजींनी अंगही खाजवलं जन्मभर, ते नाही सांगत. शिवाय, "पोरीला एवढ्या लांब धाडायची कावून पण?" फोन ठेवला. ह्यांनीच करायला लावला असणार.

सोम. ३
सुचलं! रुई. आपल्याकडं रजईत घालतात तीच कोटात घालायची. वर पाणी न धरणारं हिरवं कापड, आत बदकं, मध्ये रुईचा थर. गल्लीच्या टोकाला शमीमभाभींकडं पिंजून मिळते, त्यांचं घरच पिढ्यान्‌पिढ्या रजया भरणारं. भाभी म्हणाल्या, "कोट? रुईचा? बघा बुवा." आणि हसल्या. हसल्या का ते विचारायला हवं होतं.

गुरु. ६
कोट बेतला, कापला. मापाला अशूचा निळा ड्रेस. तो अंथरायचा, कडेनं खडू फिरवायचा, टेपबिप मी लावत नाही. गावात सगळ्या बायका मापाचा कपडाच टाकतात. कोट आहे म्हणून सगळीकडून दोन बोटं जास्त सोडली. माझ्या शहाणपणाचं मलाच कौतुक वाटलं.

रवि. ९
तीन दिवस धावदोरा घातला, उभ्या ओळी, दोन दोन बोटांवर. बोटांची चाळण. संध्याकाळी जोडून अशूला घातला.

बटण काजापर्यंत येईना. हात खाली येईनात. दोन्ही हात पसरून पोरगी खोलीत बुजगावण्यासारखी उभी. ह्यांनी पेपर खाली केला, बघितलं, म्हणाले, "गाडीत अशीच उभी राहणार का?" आणि पेपर परत वर. पेपर हलत होता. हसत होते.
जेवले नाही मी. कापड वाया, रुई वाया, दोन आठवडे गेले.

सोम. १०
कोट बगलेत मारून शमीमभाभींकडं. त्यांनी उलटासुलटा करून बघितला.
"पैले कापलं का पैले टाके मारले?"
"कापलं."
कपाळाला हात लावला त्यांनी. "अहो ताई, रजईला आमी कापड मोठं कावून घेतो? रुई फुगते, टाका कापडाला वढतो, कापड आखडतं. पैले टाके, मंग कैची. आन् हे माप कशाचं म्हनं? पोरगी आत सुटर घालनार न्हाई का?"

निळा ड्रेस उन्हाळ्यातला. एकावर एक चार कपडे घालायचे, तर प्रत्येक वरचा आतल्यापेक्षा मोठा लागणार, हे लहान पोरालाही कळेल. पण आपल्याकडं कपड्यावर कपडा म्हणजे फार तर साडीवर स्वेटर, तोही पहाटे गच्चीवर जाण्यापुरता. इतकी वर्षं शिवतेय आणि ही अक्कल. भाभींपुढं इतकी लाज वाटली की चहासुद्धा गरम गरम घोटला.

हिरवा कोट त्यांच्या नातीला बरोब्बर बसला. ती काढायलाच तयार नाही. कोणीतरी खूश झालं, चला.

मंगळ. ११
नवी रीत. आधी आतले सगळे कपडे पूर्ण, मग ते सगळे तिच्या अंगावर चढवून वरून टेपनं माप. भर दुपारी अशू आतला, कुर्ता, स्वेटर घालून पंख्याखाली उभी. घामाच्या धारा. "आई, मी हिमाचलात न्हाई मरत, हितंच मरते." मी म्हटलं हलू नकोस, टेप सरकतो.
टेपचं माप निळ्या ड्रेसपेक्षा किती जास्त भरलं ते इथं लिहीत नाही. माझ्यापाशी राहू दे.

गुरु. १३
कापड आधी टाचून, टाके घालून, मग कापलं. भाभी स्वतः येऊन बघून गेल्या. पण मशीननं हाय खाल्ली. एवढ्या जाडीवर टाका सोडते. अठरा नंबरची सुई आणली, दोन मोडल्या. मुंड्याशी, बाही जोडतात तिथं, कापडाचे इतके थर येतात की चाक हातानं ढकलावं लागतं.

अशू म्हणाली, "तिथं मिळतात गं जॅकेटं. हे राहू दे."
"बाही पुरते?"
तिनं खाली पडलेले सुईचे तुकडे वेचले. माझ्या पायात जाऊ नयेत म्हणून. ते जास्त लागलं.

शनि. १५
ह्यांनी कमालच केली. म्हणे कपड्यांची परीक्षा घ्यायची. बीडला ह्यांचे शाळेतले दोस्त रफीकभाई, फळांचे व्यापारी. त्यांच्याकडं सफरचंदं ठेवायची थंड खोली आहे. तिथं पोरीला बसवायचं! मी म्हटलं पोरगी काय पेटी आहे? पण अशूच आधी तयार.

गेलो. कोटाच्या बाह्या अजून कच्च्या टाक्यावर होत्या, तशाच चढवल्या. सगळं घालून अशू खोक्यावर बसली. हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात तिच्यासमोर उभे, हातात घड्याळ. मी आणि रफीकभाई काचेतून बघत. दहा मिनिटांत ह्यांचे ओठ निळे. पण बाहेर यायचं नाव नाही.
रफीकभाईंनी दार उघडून आवाज दिला, "अबे, तू निघ बाहेर! पोरगी मजेत हाय."
आतून अशू, "पप्पा, मला घाम यायलाय."

इतकी हसले मी की डोळ्यांत पाणी आलं. येताना पेट्रोलपंपाशी थांबलो तेव्हा ह्यांनी गाडीत मागं वळून कोटाची कॉलर दोन बोटांत धरून बघितली फक्त.

रवि. १६
हे सर्दीनं आडवे. सकाळपासून शिंका. दोन शिंकांच्या मध्ये म्हणाले, "बाह्या पक्क्या झाल्या की सांग. मग ती होकार धाडू दे. मी तिकिटाचं बघतो."
जिंकले! लिहून ठेवते, जिंकले. आता दोन बाह्या. दुपारचं काम.

सोम. १७
उजवी झाली. डावीला मुंड्यात चुणी आली. उसवली.

मंगळ. १८
डावी परत लावली. खांद्यावर फुगा वाटला. उसवली. अशूनं विचारलं, कुठाय फुगा? म्हटलं, तुला नाही दिसायचा.
शमीमभाभी आल्या होत्या. त्यांनाही नाही दिसला. रजईवाल्यांना बाहीतलं काय कळणार, असं मनात आलं. मनातच ठेवलं ते बरं.

बुध. १९
आज तिसऱ्यांदा उसवत होते. अशू दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे.
"पप्पांचं कळतं मला. त्यांना भ्या वाटायलंय. तू कावून उसवायलीस? उद्या वीस तारीख हाय, आई."
कात्री आपटली मी. म्हटलं, तुझ्या बापाचं ऐकून घेतलं, वन्संचं ऐकून घेतलं, आता तू शिकव मला शिवण. ती निघून गेली. भांडी घासत बसली, घासलेलीच परत.

दुपारी बाही उजेडात धरली. चुणी नव्हती. कालही फुगा नव्हता.

कोट झाला की ती जाते. एवढंच आहे ते. ह्यांना निदान भीती वाटते असं तोंडानं म्हणता तरी येतं. मी आपली पुढारलेली आई. साखर वाटायला निघालेली. तिचा पगार येईल, तिथल्या दुकानात कुठंतरी लांब बाहीचं काहीतरी मिळेलच, आणि मग अशूचं माप माझ्याकडं कशाला? रडले. बराच वेळ. मग राग आला, स्वतःचाच. सगळ्या घराशी भांडून रस्ता मोकळा केला आणि शेवटी त्याच्यात आडवं पडलं कोण, तर मी.

गुरु. २०
सकाळी डावी बाही मांडीवर, सुई हातात. लावायला बसले होते, खरंच. तोच हे समोर, नाक लाल, गळ्यात मफलर.
"झाला का?"
अशू ओट्यापाशी चहा गाळत होती. पाठ आमच्याकडं. गाळणं हातात तसंच राहिलं.
"झाला," मी म्हटलं. बाही पदराखाली घेतली.
"बरं," म्हणाले. शिंकले. चपला घालून बाहेर गेले. तिकिटासाठी की टपरीवर, सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अशू चहा घेऊन आली. पदराखालून लोंबणारी बाही तिनं बघितली. समोर बसली, फोन काढला.
"पाठवू का मग होकार?"
मी म्हटलं, आधी डावा हात पुढं कर.