शेवंतीचा आकडा

आबा, गेल्या महिन्यात मी आग सांभाळणारं एक यंत्र निवडलं. तुम्ही असता तर त्याची किंमत आधी विचारली नसती. ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे विचारलं असतं. मीही तेच विचारलं, पण तिसऱ्या यंत्राच्या वेळी. पहिल्या दोन वेळा मला ते सुचलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून धुरावर शिजवलेलं मांस विकतो. आमचे हे फौजेत असताना काही वर्षं नागालँडला होते. तिथे खाल्लेल्या धुरातल्या मांसाची चव त्यांच्या जिभेवरून कधी गेली नाही. जावेकडे गावरान कोंबड्या होत्या, माझ्याकडे वेळ होता. साताऱ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत, मळ्यातल्या शेडमध्ये आम्ही माणसाच्या उंचीची एक लोखंडी पेटी करून घेतली. खाली बाभळीचा कोळसा, त्यावर पेरूच्या लाकडाच्या ढलप्या, वर जाळ्या. जाऊ तिला धुरपेटी म्हणते. कोंबडीला चार तास लागतात, बोकडाच्या मांडीला आठ. तेवढा वेळ आतली उष्णता एकशे दहा अंशांच्या आसपास राहावी लागते. चढली तर मांस चामड्यासारखं होतं, उतरली तर हाडाशी कच्चं राहतं. चार वर्षं हे मी हातावर केलं. पेटीच्या दाराशी तळहात धरायचा आणि खालची हवेची खिडकी बोटभर उघडायची किंवा मिटायची. दाराला काट्याचा थर्मामीटर आहे, पण आग चढून गेल्यावर त्याचा काटा हलतो. हात आधी सांगतो.

हे हाताचं मी तुमच्याकडून घेतलं. मी लहान आहे. कुंडलच्या घरात तुम्ही मला चुलीपुढे बसवता, डोळे मिटायला सांगता आणि माझं मनगट धरून हात विस्तवाकडे नेता. कुठं थांबायचं ते मी सांगायचं. मी फुंकणी घेऊन जोरात फुंकते आणि राख भाकरीच्या पिठात उडते. आई ओरडते. तुम्ही फुंकणी माझ्या हातातून काढून घेता आणि म्हणता, "इस्तवाला भूक लागू दे, पर उपाशी ठिवू नगंस." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. पिठाची काळजी होती.

यंत्र घ्यायचं कारण जाऊ. म्हणजे कारण मी होते, पण भोगलं तिनं. पाचगणीचं एक हॉटेल दर शुक्रवारी आमचा माल घेतं. मागच्या माघात एका शुक्रवारी मी लोणंदला मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले आणि पेटी जावेवर सोडली. जाताना तिला सगळं सांगितलं होतं. संध्याकाळी हॉटेलची गाडी माल परत घेऊन आली. वरून काळा, आत लाल. मॅनेजर फोनवर सभ्यपणे बोलला. पुन्हा असं झालं तर थांबावं लागेल, एवढंच म्हणाला. त्या कोंबड्या जावेनं पिल्लापासून वाढवलेल्या होत्या. लग्नाला वीस वर्षं झाली, पण बाहेरचं माणूस तिला तिच्या कामावरून ओळखतं हे या धंद्यात पहिल्यांदा घडलं होतं. गाडीवाला घरी येऊन आमच्या दिरांना विचारत नाही, तिला विचारतो. ती त्या दिवशी जेवली नाही. मी समजूत घालायला गेले, तुझ्याही हाताला कळेल हळूहळू, असं म्हणाले. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं आक्का, माझ्या हाताला भाकरी कळती, धार काढाया कळती. ह्ये न्हाई कळत. आता काय हात बदलून आनू? तुमच्या हाताचा इमा उतरवा म्हंजी झालं."

विम्याची गोष्ट मी हसण्यावारी नेली. पण मला लहानपणी पाहिलेली तुमची भट्टी आठवली.

शनिवारी शाळा सकाळची असते. मी पलूसला उतरते आणि तुमची भाकरी घेऊन फाउंड्रीच्या गेटवर उभी राहते. आत भट्टीचं तोंड दिसतं. लोखंडाचा रस तयार झाला की नाही हे तुम्ही ठरवता. तुम्ही डोळ्यांवरची निळी काच कपाळावर सारता, उघड्या डोळ्यांनी एकदा बघता आणि रसाच्या रंगावरून नुसतं एका फुलाचं नाव घेता. पळस म्हणालात की कुणी हलत नाही. करडई म्हणालात की माणसं साचे सरळ करतात. शेवंती म्हणालात की रस सोडतात. मोगऱ्यापर्यंत तुम्ही कधी जाऊ दिलं नाही. कारखान्यात दुसरं कुणी ही नावं वापरत नव्हतं, पण सगळे ती ऐकून काम करत. त्या उघड्या बघण्यानं तुमचे डोळे गेले. शेवटच्या वर्षांत तुम्ही मला चालीवरून ओळखत होता.

मी सातवीत असताना कारखान्यात उष्णता मोजायचं मीटर आलं. गल्लीतली माणसं तुम्हाला ऐकवायची. गड्या, तुजा डोळा आता पिन्शनीत. एकानं तर तुम्हाला मीटरचा सावत्र भाऊ म्हणायला सुरुवात केली. तुम्ही घरी येऊन मला एक पुठ्ठा दिलात आणि तक्ता करायला बसवलंत. महिनाभर तुम्ही भट्टीपुढे फूल सांगत होता आणि साहेब मीटरवरचा आकडा कागदावर टिपत होता. तो कागद तुम्ही घरी आणला होता. डावीकडे फुलं, उजवीकडे आकडे. मी शेवंतीपुढे करडईचा आकडा लिहिला, लक्षात आल्यावर खोडला आणि शेजारी बरोबर आकडा घातला. तुम्हाला वाचता बेताचंच येत होतं, पण खोडलेलं दिसलं. तुम्ही पुठ्ठा उलटा केलात आणि मागच्या बाजूला सगळा पुन्हा लिहायला लावलात. मी रडले. एकच तर चूक आहे, म्हणाले. तुम्ही म्हणालात, "खोडलेल्यावर कोन इस्वास ठिवंल? त्येच्या भरवशावर मानूस रस वततंय." तो तक्ता भट्टीजवळच्या भिंतीवर लागला. मला वाटायचं, साहेबानं सांगितलं म्हणून तुम्ही केलात.

तसं नव्हतं, हे मला तुमच्या दहाव्याला कळलं. तुमच्याबरोबर काम केलेले एक म्हातारे नदीवर आले होते. त्यांच्या एका पायाचा पंजा भाजून आखडलेला होता. तुम्ही एकदा तापानं आठ दिवस घरी होता, तेव्हा दुसऱ्यानं अंदाजानं रस सोडला आणि तो या माणसाच्या पायावर आला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुज्या बानं सोता सायबाकडं जाऊन मीटर मागितलं, बाय," ते म्हणाले. "दोन वर्सं मागं लागला हुता. आमी येडा म्हनलो त्येला." कारखाना ज्याच्या डोळ्यावर चालतो त्या माणसानं स्वतःच्या डोळ्याला पर्याय मागितला होता. मी पुढं सदतीस वर्षं मुलांना शिकवलं. चांगली शिकवली असं लोक म्हणतात. पण आपल्यावाचून अडू नये यासाठी कुणी दोन वर्षं एखाद्याच्या मागं लागल्याचं मी तुमच्याखेरीज पाहिलं नाही. माझी मान त्या दिवशी नदीवर जी ताठ झाली, ती अजून तशीच आहे.

तर यंत्र. काम साधं असतं. एक तार पेटीत राहून उष्णता मोजते, एक छोटा पंखा कोळशाला हवा देतो, आणि मधलं यंत्र ठरवतं की हवा किती द्यायची. पहिलं आम्ही घरच्या अकलेनं आणलं. जावेकडे अंडी उबवायची पेटी आहे, तिचं तापमान आपोआप राहतं. तसलंच, जास्त उष्णतेचं, सांगलीच्या दुकानातून घेतलं. एकशे दहा लावलं. पेटी एकशे दहाला आली, पंखा बंद झाला, तरी आग एकशे चाळीसपर्यंत चढत गेली. अर्धा डझन कोंबड्या आम्हीच चार दिवस खाल्ल्या. दुसरं ह्यांनी फोनवरून मागवलं. ते महागाचं आणि उत्तम होतं. एका अंशानंही हलत नव्हतं. आकडे फोनवर दिसायचे, तेही फॅरनहाइटमध्ये. जाऊ पहिल्या दिवशी म्हणाली, "दोनशे तीस? कोंबडीला ताप आलाय व्हय?" पण पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती पेटीपुढून हाक मारून मला आकडा विचारते. फोन माझा होता. आग तिच्या पुढ्यात आणि आकडा माझ्या हातात. यंत्रात दोष नव्हता, तरी मी ते परत पाठवलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसरं कुपवाडला मिळालं. एमआयडीसीत बेकऱ्यांच्या भट्ट्यांची यंत्रं दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, माझ्याच वयाचे. मी उबवण पेटीची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले. "ताई, आंड्याला बल्ब आसतो. बटन बंद क्येलं की बल्ब इझतो. कोळसा इझतो व्हय लगीच?" मग त्यांनी समजावलं. कोळशासाठी नुसतं चालू-बंद पुरत नाही. आग किती आहे हे यंत्राला कळलं पाहिजे, आणि कोणत्या वेगानं चढते आहे हेही. एकशे दहाच्या बरंच आधी पंख्यानं हात आखडता घ्यायला हवा, आणि पंखा थांबला की हवेची वाट झाकणारी पट्टी हवी, नाहीतर वारा आत शिरून आग वाढवतो. मी बिघडल्यावरचा प्रश्न विचारला. त्यांनी डबा उघडून दाखवला. तीन भाग, तिन्ही साताऱ्यात मिळणारे. वीज गेली तर मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारा. आकडे तळहाताएवढे, लाल, आणि आमच्या अंशांत. मी तिथेच हो म्हणाले.

ते बसवायला मिस्त्री स्वतः एसटीनं आले. दिवसभर पेटीपुढे बसून त्यांनी यंत्राला आमच्या कोळशाची सवय लावली. मला एकाही बटणाला हात लावू दिला नाही. सगळं जावेकडून करून घेतलं. दुपारपर्यंत आकडा एकशे दहाला येऊन बसला आणि मग एकशे आठ ते एकशे बारा एवढाच हलत राहिला. जाऊ बराच वेळ बघत होती. मग पेटीच्या दाराशी हात नेऊन म्हणाली, "ह्ये तर भाकरी काढल्यावरच्या तव्यावानी हाय. असं सांगायचं की आक्का, नुसतं हात धर म्हनून काय कळतंय." तिच्या हाताला सगळं कळत होतं, आबा. कशाशी ताडून बघायचं, एवढंच मी चार वर्षांत तिला सांगितलं नव्हतं.

निघताना मिस्त्री मला म्हणाले, पहिल्या मालाच्या दिवशी तुम्ही घरी थांबू नका. तुम्ही समोर असलात की जाऊबाई यंत्राकडे बघणार नाहीत, तुमच्याकडे बघतील. म्हणून गेल्या शुक्रवारी पहाटेची एसटी धरून मी कुंडलला भावाकडे गेले. ओसरीवर बसले. भावजयीनं चहा दिला, वहिनी म्हणून जे विचारायचं ते सगळं विचारलं. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. दुपारी चारला फोन आला. जाऊ म्हणाली, "आक्का, माल गेला. आता फकस्त बघा." सहाला पुन्हा आला. मॅनेजरनं आतापर्यंतचा सगळ्यात चांगला माल म्हणून सांगितलं होतं आणि पुढच्या महिन्यापासून बुधवारही मागितला होता. हे सगळं ती एका दमात बोलली, आणि मग म्हणाली की तिनं मॅनेजरला स्वतःचं नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर मी भावाला, भावजयीला, शेजारच्या काकूंना, ज्याला त्याला सांगत सुटले. माझ्या जावेनं केलं, म्हणाले. ते खरं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे, तुमच्या मीटरचा आहे तेवढाच.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. जाऊ मालाची नोंद लिहिते त्या वहीपासून दूर, माझ्या कपाटात राहील. कारण एक गोष्ट राहिली आहे. त्या दिवशी सकाळपासून चारपर्यंत मी फोनची वाट बघत होते, आणि तो माल चांगला झाल्याचा असावा म्हणून बघत नव्हते. आक्का, या, आग माझं ऐकत न्हाई, असा फोन यावा असं मला वाटत होतं. दोन वेळा मी रेंज आहे ना तेही पाहिलं. हे मी जावेला सांगितलेलं नाही.