लटकलेल्या माणसाचा शब्द

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि हे पत्र संपेपर्यंत ते तिथेच राहू देतो, कारण वर करून तुझ्याकडे बघायला मला तोंड उरलेलं नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला बसला का, की अजून पेपर वाचताना प्रत्येक बातमीवर खोकतात? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. म्हणजे तुझी भावजय ठणठणीत आहे आणि मी आहे. अक्षर वाकडंतिकडं आलंय तिकडे दुर्लक्ष कर, त्याचं कारण शेवटी सांगतो. आत्ता सांगितलं तर तू पुढचं वाचायची नाहीस. फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर मी फक्त हॅलो म्हणतो आणि बाकीचं सगळं तू म्हणतेस. शिवाय काही गोष्टी अशा असतात की त्या सांगताना ऐकणाऱ्याचा श्वाससुद्धा आपल्या कानावर येऊ नये.

तू मला कशासाठी पाठवलं होतंस ते मी विसरलेलो नाही. आपली ढमी (आता कितीही शेलाटी झाली असली तरी माझ्यासाठी ती ढमीच) ऑफिसच्या सहलीबरोबर त्या डोंगरातल्या गावात गेली काय, तिथे लोकांना तारेला लटकवून दरीच्या या टोकाकडून त्या टोकाला पाठवणारा एक मुलगा तिला भेटला काय, आणि करीन तर याच्याशीच, असं म्हणून ती घरात गप्प बसली काय. तू रडलीस, भावोजी "तुम्ही ठरवा" म्हणून पेपरात शिरले, आणि शेवटी ढमीच म्हणाली की मामा जाऊन बघून येऊ दे, मामा म्हणेल ते मला मान्य. पोरीने माझ्यावर एवढा भरवसा टाकला. आणि तू मला दारापर्यंत सोडायला आलीस तेव्हा हळूच म्हणालीस, जा, बघ आणि नाही म्हणून ये. मी मान डोलावली. म्हणजे अक्का, मी निघालो तेव्हाच निकाल माझ्या खिशात होता, फक्त त्याला जोडायला एखादं बरं कारण तिथून आणायचं होतं. आपण कोण हे कुणालाही कळू न देता चारचौघांसारखं हिंडायचं आणि कारण घेऊन परतायचं, असा माझा बेत होता. तुझी भावजय वाटेत एवढंच म्हणाली की कारण आणायला एवढ्या लांब कशाला जायचं, तुम्ही दोघं बहीणभाऊ घरीच बनवू शकता. मी ते मनावर घेतलं नाही.

गाव तसं एवढंसं आहे. एकच रस्ता, तोही एका बाजूने वर चढतो आणि दुसऱ्या बाजूने दमून खाली येतो. दुतर्फा पाट्याच पाट्या: तारेवरून जा, दोरीवरून उतरा, कड्यावरून उडा, नदीतून वाहत जा. इतक्या परींनी जीव धोक्यात घालून झाला की अंग शेकायला गरम पाण्याची कुंडं. आमच्या खोलीतल्या खिडकीची कडी लागत नव्हती, पलंग बसल्यावर तक्रार करायचा, पण ब्लँकेट जाड होतं. (तुझ्या भावजयीने पोचल्या पोचल्या कपाटात कागद अंथरले. ती एका दिवसासाठीसुद्धा संसार मांडते.) प्रवासाने अंग आंबलं होतं, म्हणून आधी कुंडावर जाऊन शेकून घेऊ आणि मग हेरगिरीला लागू, असं मी ठरवलं. इथूनच माझ्या फजितीला सुरुवात झाली.

कुंडात जाण्याआधी कपडे, चष्मा, घड्याळ सगळं एका लोखंडी कपाटात ठेवावं लागतं आणि तिथली चड्डी घालावी लागते. माझ्या वाट्याला आलेल्या चड्डीत मी आणि भावोजी एकाच वेळी मावलो असतो. ती एका हाताने धरून, चष्म्याविना, वाफेतून चाचपडत मी निघालो. कुंडं तीन आहेत, कोमट, गरम आणि तिसरं. कोमट पाण्यात सगळी बायकापोरं, म्हणून मी ताठ मानेने तिसऱ्यात उतरलो. अक्का, आपल्या आईने लहानपणी कडकडीत पाण्याने घातलेल्या आंघोळीसुद्धा त्यापुढे थंडगार होत्या. लगेच बाहेर पडणार होतो, पण समोर डोक्यावर पंचा ठेवून, गळ्यापर्यंत पाण्यात एक गृहस्थ इतके शांत बसले होते की मला माघार घेणं कमीपणाचं वाटलं. आता कळा विसरायच्या तर बोलत राहायला हवं. आणि उकडून निघणारा माणूस काय वाटेल ते बोलतो हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. भाचीचं स्थळ बघायला गुपचूप आलोय, मुलगा लोकांना तारेला टांगतो, हा काय धंदा झाला, अशा घरात पोर द्यायची म्हणजे तिलाही तारेवर वाळत घालण्यासारखंच, असं सगळं. ते हं हं करत होते. मग त्यांनी विचारलं की नापसंत करायचं आधीच ठरलंय का. मी म्हटलं, ठरलंय हो, फक्त कारण शोधतोय. त्यावर ते उठले, पंचा पिळला आणि म्हणाले, "मग उद्या तारेवर जाऊन या. तिथे चांगलं कारण सापडेल." किती समजूतदार माणूस, असं मी तुझ्या भावजयीला रात्री जेवताना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून तारेच्या मचाणावर चढलो. तिथे आलेल्या प्रत्येकाच्या मांड्यांना आणि छातीला पट्टे बांधणारा एक माणूस असतो. त्याने माझ्यासमोर वाकून पहिला पट्टा ओढला आणि म्हणाला, "कारण सापडलं की वरून हाक मारा." आवाज ओळखीचा वाटला, आणि मग पंच्याशिवायचं डोकंही ओळखीचं वाटायला लागलं. शेजारी उभ्या असलेल्या, ढमीने फोटोत दाखवलेल्या मुलाने त्यांना बाबा म्हणून हाक मारली तेव्हा उरलासुरला संशयही फिटला. अक्का, ज्या माणसाच्या मुलाला आपण आदल्या दिवशी तासभर नावं ठेवली, तोच माणूस आपल्याला दरीवर टांगायचे पट्टे आवळतोय, अशा वेळी काय बोलायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी पट्टे जरा जास्तच आवळले असं माझं म्हणणं आहे. तुझ्या भावजयीचं म्हणणं, पट्टे बरोबर होते, पोट जास्त होतं.

मुलगा उंचापुरा नाही, पण हात कामाचे आहेत आणि बोलणं हळू. त्याने माझ्या हातात कातडी हातमोजा चढवला आणि समजावलं की वेग कमी करायचा झाला तर हा हात तारेवर मागून दाबायचा, पण मी पलीकडून खूण करेन तेव्हाच. तोवर दाबायचं नाही, नुसतं समोर बघायचं. हे वाक्य ऐकून मी मनातून हसलो, कारण तुला माहीतच आहे, हेच वाक्य म्हणून मी आजवर पोट भरत आलोय. ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घाबरून काहीही केलं तरी तो माझ्या पायात असतो. त्या ब्रेकने माझी सवय इतकी बिघडवलीय की तुझ्याकडे जेवायला बसलो तरी टेबलाखाली माझा उजवा पाय चालू असतो, हे तू कितीदा बोलून दाखवलंयस. तर मुलगा स्वतः आधी पलीकडे गेला, तिथून त्याने हात केला, आणि त्याच्या वडिलांनी मला हळूच सोडून दिलं.

मचाण सुटलं, खालची जमीन सुटली, खूप खाली एक नदी दिसली. आणि माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. पायाखाली काहीच नव्हतं, अक्का. मग पायाला जे जमलं नाही ते हाताने केलं. खूण नाही, काही नाही, मी सगळ्या ताकदीने तार दाबून धरली. मी थांबलो. समोर मोकळी तार, कुणी आडवं आलेलं नाही, आणि मी भर दरीच्या मधोमध थांबलो. मग थोडा मागे घरंगळलो आणि जिथे तार सर्वांत जास्त खाली झुकते तिथे लोंबत राहिलो. रिकाम्या रस्त्यावर उगाच ब्रेक मारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी जे जे बोललोय ते सगळं मला त्या वेळी शब्दन् शब्द आठवत होतं.

मुलगा तारेला लटकून, हात पुढे टाकत टाकत माझ्यापर्यंत आला. येताना तो मला विचारत होता, चहा घेतला का सकाळी, खोलीत थंडी वाजली का, गाडी कुठली आहे. घाबरलेल्या विद्यार्थ्याला मीही असेच बिनकामाचे प्रश्न विचारतो, त्याचं लक्ष हटावं म्हणून. ती युक्ती ओळखल्यावर मला आणखीच भरून आलं. खोटं कशाला सांगू, मी रडलो. आणि रडता रडता, डोळे मिटून, ओरडून म्हणालो की मीच तो मामा, नाही म्हणायलाच आलो होतो, पण मुलगी दिली, आता मला खाली ने. दरीची गंमत अशी की तिथे काही बोललं की परत ऐकू येतं. "दिली, दिली" असं समोरच्या डोंगराने दोनदा सांगितलं. दोन्ही मचाणांवरची माणसं ऐकत होती. त्याचे बाबा ऐकत होते. तुझी भावजय मोबाईलवर शूटिंग करत होती.

मुलाने माझे पट्टे स्वतःला अडकवले आणि शांतपणे म्हणाला, "मामा, लटकलेल्या माणसाचा शब्द मी धरत नाही." मी ओरडायच्या आधीच त्याला मी कोण ते ठाऊक होतं. ढमीने म्हणे सांगून ठेवलं होतं की मामा आला तर नाव सांगणार नाही, पण त्याच्या उजव्या पायाकडे बघ. सकाळी मचाणाखालच्या बाकावर बसलो तेव्हा माझा पाय चालू होता, तेव्हापासूनच त्याला कळलं होतं, आणि तरी त्याने मला इतर कुणालाही नेलं असतं तसंच नेलं.

त्यानंतर दोन दिवस आम्ही तिथेच होतो, कारण माझा खांदा लचकला होता. तो सकाळ-संध्याकाळ येऊन खांदा कसा आहे ते विचारायचा. त्याचे बाबा मला कोमट कुंडात बसवून यायचे. (बायकापोरांत.) मी आपला वाट बघतोय की आता हा विचारेल, मामा, वर म्हणालात ते खरं का. त्याने विचारलं नाही. एकदाही नाही. आणि मला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली. मी भीतीपोटी होकार दिला हे लाजिरवाणं आहेच, पण त्याआधी न बघताच नकार खिशात घालून गेलो, हे त्याहून वाईट. ढमीने माझ्यावर भरवसा टाकला होता, आणि मी तिचा मामा न होता नुसता तुझा भाऊ होऊन गेलो. कारण मात्र शोधून सापडलं नाही. खूप शोधलं.

तेव्हा माझा निरोप असा: मुलगा चांगला आहे. हे मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून सांगतोय. तू रागावशील, रागाव. पत्र इथेच संपवतो, गुडघ्यांना जप.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
धाकटा

ता.क. अक्षराबद्दल सांगायचं राहिलं. हे पत्र मी चालत्या गाडीत लिहितोय आणि घाटाची वळणं आहेत. खांद्यामुळे मला गाडी हाकता येईना, तेव्हा तुझी भावजय म्हणाली, चावी द्या. ती गाडी चालवते, अक्का. झकास चालवते. पुलापलीकडच्या त्या क्लासमध्ये शिकली, ज्याच्या नावाने मी रोज जेवताना बोटं मोडतो. माझ्याकडे का नाही शिकलीस विचारलं, तर म्हणते, संसार टिकवायचा होता.

ता.क. दुसरा. मुलाने विचारलं नाही म्हणून निघताना मीच त्याला म्हटलं की माझा शब्द लटकलेला होता तो सोड, खरा शब्द मुलीच्या आईचा, तिला येऊन विचार. तर तो आणि त्याचे बाबा मागच्या सीटवर आहेत. बाबांनी तुझ्यासाठी कुंडाच्या पाण्याची बाटली आणलीय, गुडघ्यांना लावायला. तुला हे पत्र मी स्वतः दारात देईन आणि तू काही बोलायच्या आत खाली जाईन. आम्ही चौघं गाडीत बसतो. होकार नको देऊस, नुसतं त्यांना वर बोलवायचं असेल तर गॅलरीत ये. नको असेल तर दार लावून घे. आम्ही त्यांना परत सोडून येऊ आणि ढमीला मीच सांगेन. ते तुझ्यावर सोपवणार नाही.

ता.क. तिसरा. भावोजींना गॅलरीत पाठवू नकोस, ते "तुम्ही ठरवा" असा हात करतील. ढमीलाही नको, ती जिन्यावरून पळतच खाली येईल. तूच ये. मी काचेतून वर बघतोय. या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, म्हणून दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसलोय.